दिवाळीत विहिरीत दोरी सोडा: गावाचं पाणी मृगापर्यंत पुरवायची रीत

टँकरचा अर्ज एप्रिलमध्ये लिहायला घेणाऱ्या गावात टँकर येतो तेव्हा रोहिणी लागलेल्या असतात. दर्यापूरकडच्या आमच्या गावात असंच चालायचं. मार्चमध्ये विहिरीत डोकावायचं, "यंदा लवकर आटली रे बाप्पा" म्हणायचं, आणि मग तहसिलीच्या चकरा सुरू. पाणी समितीत गेल्यावर पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. तिसऱ्या वर्षी भूजल विभागाचा एक माणूस गावाच्या निरीक्षण विहिरीची पातळी घ्यायला आला. तो वर्षातून चारदा येतो: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्याच्या वहीत आमच्या विहिरीची वर्षानुवर्षांची पातळी लिहिलेली होती आणि आमच्याकडे एक आकडा नव्हता. त्या दिवशी कळलं, की मे महिन्यात काय होणार ते ऑक्टोबरमध्येच विहिरीत दिसत असतं. कोणी बघत नाही एवढंच.

इथे लिहिलेलं सगळं सरपंच, ग्रामसेवक, जलसुरक्षक (गावच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचं काम पाहणारा माणूस) आणि गावातली चार चळवळी माणसं मिळून करू शकतात. काळ्या मातीच्या, खाली मुरूम आणि बेसॉल्ट असलेल्या पश्चिम विदर्भातल्या गावांना ते सरळ लागू पडेल. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, पाऊस जास्त आहे, तिथलं गणित थोडं वेगळं. तपासणी आणि टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीन पावडरीचा, भाग मात्र तिथेही हाच.

दोरी

नायलॉनची पंधरा-वीस मीटर दोरी घ्या. खाली दगड बांधा आणि दर मीटरला गाठ मारा. गाठींच्या मधलं अंतर मोजायला शिवणकामाची टेप चालते. विहिरीच्या काठावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच दोरी सोडा. दोन मापं घ्यायची: काठापासून पाण्यापर्यंत आणि काठापासून तळापर्यंत. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की पाण्याची खोली.

मोजायचं सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात नको, पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरी ठेवा. आमची पहिली वही कपाटात गेली, ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

बोअरमध्ये दोरी जात नाही. तिथे घड्याळ लावा. मोटर सुरू केल्यापासून किती मिनिटांनी हवा ओढते आणि बंद ठेवल्यावर किती तासांनी पुन्हा तेवढंच चालते, हे दोन आकडे पुरेसे आहेत. डिसेंबरमध्ये तीन तास चालणारी मोटर जानेवारीत दीड तासावर आली असेल तर मार्चमध्ये काय होईल ते वेगळं विचारावं लागत नाही.

आवक मोजणं

विहिरीत पाणी किती आहे यापेक्षा तासाला किती येतं हे महत्त्वाचं. आपली विहीर म्हणजे टाकी नव्हे. मुरमातून आणि फुटक्या खडकातून पाझरलेलं पाणी थोडा वेळ थांबायची ती जागा आहे. म्हणून पंप चालवून पाणी ठरावीक खुणेपर्यंत खाली न्या, पंप बंद करा, आणि बरोबर एका तासाने किती वर आलं ते पाहा.

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक सेंटीमीटर चढ म्हणजे सुमारे २८० लीटर. तासाला १० सेंटीमीटर चढत असेल तर २,८०० लीटर, म्हणजे दिवसाला ६७ हजार. १,२०० लोकवस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लीटरच्या हिशेबाने ६६ हजार लागतात. गाव जेमतेम भागलं. हीच आवक मार्चमध्ये चार सेंटीमीटरवर आली की दिवसाला २७ हजार उरतात, माणशी २२ लीटर. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडा. "पाणी कमी हाये" असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते "मार्चमध्ये घरटी सात गुंड", म्हणजे सात हंडे, म्हटल्यावर होतं.

मोजताना खूण बदलू नका. विहीर अर्धी उपसून मोजली आणि पूर्ण उपसून मोजली तर आकडे वेगळे येतात. मग तुलनेला अर्थ राहत नाही.

प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं

पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला फार तर ५० लीटर लागतात. बाकी सगळं आंघोळ, धुणं, भांडी, संडास आणि ढोरं. आपण या सगळ्यासाठी एकच चांगली विहीर उपसतो आणि ती आटली की सगळंच आटतं. त्यापेक्षा गावातल्या प्रत्येक स्रोताची यादी करा: सार्वजनिक विहीर, हापशा, मंदिरामागचा जुना आड, शाळेचं बोअर, आणि ज्यांनी उन्हाळ्यात पाणी दिलं आहे अशांच्या वावरातल्या विहिरी. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पिण्याचं, वापराचं, ढोरांचं. हा शब्द मनाने लिहायचा नाही, तपासणीवरून लिहायचा.

जानेवारीपासून पिण्याच्या स्रोतावर धुणं बंद. याच मुद्द्यावर गावात सगळ्यात जास्त भांडण होतं आणि ते होऊ द्यावं. आमच्याकडे एका आजीने ग्रामसभेत उठून विचारलं, "मंग लुगडं काय नदीत जाऊन धुवाव काय, नदीले तं पाणीच नाही." तिचं बरोबर होतं. आडाजवळ धुण्याचा ओटा बांधून दिला तेव्हा विहिरीवरची गर्दी हटली. पर्याय दिल्याशिवाय बंदी टिकत नाही.

तपासणी: चव, मीटर आणि प्रयोगशाळा

पाणी गोड लागतं म्हणून चांगलं, हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज. फ्लोराइडला चव नाही, नायट्रेटला नाही, हगवणीच्या जंतूंनाही नाही. खारं लागणारं पाणी बिचारं निदान सांगून तरी त्रास देतं.

हल्ली घरोघरी पेनासारखा टीडीएस मीटर दिसतो. आरओ विकणारे तो पाण्यात बुडवून आकडा दाखवतात आणि बाईमाणूस घाबरतं. तो मीटर पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो, दुसरं काही नाही. ३०० टीडीएसच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू असू शकतात आणि फ्लोराइडही मर्यादेपेक्षा जास्त असू शकतं. जारमधलं थंड पाणी हाही असाच प्रकार. जार थंड असतो, तो कधी धुतला आणि पाणी कुठे तपासलं हे कोणी विचारत नाही. विचारा.

भारतीय मानक आयएस १०५०० मधले हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लीटरपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. फ्लोराइड १, नाइलाजाने १.५. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. एकूण कठीणपणा २००, नाइलाजाने ६००. क्लोराइड २५०, नाइलाजाने १,०००. आणि ई-कोलाय हा जंतू १०० मिलिलीटरमध्ये एकही नको.

क्षार आणि रसायनांच्या तपासणीसाठी दोन लीटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. बोअर किंवा हापशी असेल तर आधी पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख आणि वेळ. "बस स्टँडजवळची हापशी" असं लिहू नका. दोन हापशा असतील तर अहवाल आल्यावर कोणती ते कोणालाच आठवत नाही.

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा. गावातल्या पाच बायांना जलजीवन मिशनमधून फिल्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण दिलेलं असतं. किट ग्रामपंचायतीत पडून असेल तर बाहेर काढा आणि आधी रसायनांची मुदत पाहा. एच-टू-एस बाटली सगळ्यात सोपी: खुणेपर्यंत पाणी भरा, घरात उबदार जागी ठेवा, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेचं दूषण आहे असं समजून कामाला लागा.

अहवाल आल्यावर काय करायचं ते दोषावर अवलंबून. जंतू असतील तर क्लोरीन किंवा उकळणं. नायट्रेट आलं तर विहिरीपासूनचा उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा आणि नाली किती लांब आहे ते मोजा, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. उरलेलं वावरातल्या युरियात. हे पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वरच्या दुधात अजिबात वापरायचं नाही, त्याने बाळ निळं पडू शकतं. आणि नीट ऐका: उकळल्याने नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे लीटरमागे वाढतंच.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. शाळेतल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर मंजन बदलू नका, पाणी तपासा. पुढे गुडघे आणि कंबर धरते आणि ते परत फिरत नाही. अशा हापशीला लाल रंग मारा आणि "पिऊ नका, वापरा" असं लिहा. ती बंद करायची गरज नाही, धुण्याभांड्याला ती चालते. फ्लोराइड खोल खडकातून येतं, त्यामुळे उथळ विहिरीत ते बरेचदा कमी सापडतं. म्हणून नवं बोअर मारण्याआधी जुना आड तपासून पाहा.

खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलाय. इथे बोअर जितकं खोल तितकं पाणी खारं, हे आमच्या आज्यालाही माहीत होतं. तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी तीनशे फूट जाऊन मीठ काढतं. या गावांना ८४ खेडी, ६४ खेडी अशा धरणावरच्या योजनांचा आधार आहे, पण शेपटाच्या गावाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं.

इथे घराच्या छपरासारखा स्रोत नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. ४० चौरस मीटरचं टिनाचं छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वगळून ८० टक्के धरा: २२ हजार लीटर. दिवसाला ५० लीटरने दहा हजार लीटरचं टाकं २०० दिवस पुरतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. सगळं साठवायची गरजच नाही, प्यायचं आणि स्वयंपाकाचं साठवायचं.

पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुवायला सोडून द्या. पाइपाला टाक्याआधी एक टी आणि बुच बसवलं की हे सोपं जातं. त्यापुढे वाळू-गिट्टीचा गाळणीचा डबा, मग टाकं. टाक्यात उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. आणि प्रत्येक तोंडाला डासांची जाळी. पाणी वर काढायला हातपंप किंवा नळ लावा, बादली सोडू नका. सिमेंटच्या पत्र्यावरचं किंवा नुकत्याच रंगवलेल्या टिनावरचं पाणी प्यायला घेऊ नका. आणि पावसाचं असलं तरी क्लोरीन टाकायचंच, छपरावर पाखरं बसतात.

आणखी एक. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पट्ट्यात शेततळ्याशेजारच्या उथळ विहिरीचं पाणी काही महिने बरं लागतं ते त्यामुळे. अशा विहिरीतून वरचं वरचं, हळूहळू घ्या. मोठी मोटर लावून एकदम उपसली की खालचं खारं वर येतं.

टीसीएल: पोत्यातून विहिरीत, पण नीट

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली. पाणी नव्हतं असं नाही. जे होतं ते शुद्ध केलेलं नव्हतं.

आधी विहिरीतलं पाणी किती ते काढा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लीटरमध्ये. सहा मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे ५६,५०० लीटर. दर हजार लीटरला पाच ग्रॅम टीसीएल धरलं तर २८० ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा वजन करून एक डबा ठरवून घ्या. "एक ओंजळ" हे माप नाही, ओंजळी लहानमोठ्या असतात.

पावडर सरळ विहिरीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खाली चुन्याचा साका बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून दोरीने विहिरीत खाली-वर हलवत सोडा. निदान अर्धा तास थांबा, मगच पाणी सोडा. हे रोज करायचं. आठवड्यातून एकदा टाकलेलं टीसीएल तिसऱ्या दिवशी उरत नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायची चाचणी. नमुना विहिरीजवळचा घेऊ नका, गावातल्या शेवटच्या नळाचा घ्या. थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला तर क्लोरीन पोहोचलं. शेवटच्या घरी निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर तीन शक्यता: टीसीएल कमी पडलं, टीसीएल जुनं झालं, किंवा मधे कुठे पाइप फुटून घाण आत येते आहे. ओटीचं द्रावण विषारी असतं, तपासलेलं पाणी फेकून द्या, पोरांच्या हाती देऊ नका.

पोतं उघडं ठेवलं की दमट हवेत क्लोरीन उडून जातं. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, उन्हापासून दूर, जमिनीपासून वर ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर नमुना तपासायला पाठवा. वर्षातून दोनदा आरोग्य विभागाच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्याला कोणतं मिळालं आणि का, ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. बहुतेक गावांना ते कार्ड असतं हेच माहीत नसतं.

गळती, मोटर आणि पाणीपट्टी

नळाला तोटी नसणं ही आपली खास गोष्ट. पाणी आलं की भरून घ्यायचं आणि उरलेलं नालीत. बादली लावून मोजा: तासाला एक बादली गळणारा नळ दिवसाला साडेतीनशे लीटर घेऊन जातो.

नळाला टिल्लू मोटर लावणं हे त्याहून वाईट. शेजाऱ्याचं पाणी जातं ते जातंच, पण पाइपात ओढ तयार होऊन जोडातून नालीची घाण आत शिरते. साथ आली की पहिल्यांदा हे पाहा.

पाणीपट्टी मार्चमध्ये मागू नका. सोयाबीन विकलं की, नाहीतर कपाशीचा पहिला वेचा मोडला की मागा, तेव्हा खिशात पैसा असतो. पंपाचं वीजबिल थकलं आणि लाइन कापली तर भरलेल्या विहिरीकाठी गाव तहानलेलं राहतं. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याचा वाटा असतो, तो कशावर खर्च झाला हेही विचारा.

टंचाई आराखडा

सरकारी आराखडा तीन टप्प्यांचा असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. तुमच्या वहीतले आकडे इथे उपयोगी पडतात. ग्रामपंचायतीचा ठराव करताना "तीव्र टंचाई आहे" एवढंच लिहू नका. ऑक्टोबरची पातळी, तेव्हाची आवक, लोकसंख्या आणि कोणत्या महिन्यात किती लीटर कमी पडतील ते लिहा, तपासणी अहवाल जोडा. ठराव गटविकास अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. तहसील आणि पंचायत समितीचे लोक संयुक्त पाहणीला आले की वही पुढे करा.

टँकर हा या यादीतला शेवटचा उपाय. त्याआधी विहिरीतला गाळ काढणं, विहीर खोल करणं, बुडकी (नदीनाल्याच्या पात्रात खोदलेला खड्डा), हापशांची विशेष दुरुस्ती, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, खासगी विहिरीचं अधिग्रहण. अधिग्रहणासाठी विहीर मालकाशी डिसेंबरमध्येच बोला. तूर, गहू, हरभरा, संत्रा, जे असेल त्याला पाणी देऊन किती उरतं ते त्याच्याच तोंडून ऐका. एप्रिलमध्ये कागद घेऊन दारात गेलं की माणूस आडमुठा होतो, डिसेंबरमध्ये चहा देतो.

सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर किंवा बोअर घेता येत नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्यासाठी किती खोल गेलो आणि खाली काय उरलं ते सगळ्यांना दिसतंच आहे. बोअरची गाडी गावात शिरताना दिसली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. भोक पडल्यावर कोणी बुजवत नाही.

टँकर आलाच तर तो उघड्या विहिरीत ओतू देऊ नका. काळ्या प्लास्टिकच्या टाक्या ओट्यावर ठेवून त्यांना तोट्या लावा. प्रत्येक खेपेला टाकीत क्लोरीन घाला आणि खेपांची नोंद भरून गावातल्या दोघांच्या सह्या घ्या, त्यातली एक बाईची असू द्या. पाणी आलं की नाही हे तिला पक्कं माहीत असतं.

घरात आठ-आठ दिवसांचं पाणी साठवावं लागतं तेव्हा डास होतात. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात. आठवड्यातून एक दिवस ड्रम, रांजण रिकामे करून आतून घासा. नुसतं पाणी बदलून अंडी जात नाहीत. प्यायच्या माठाला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

मृग लागल्यावर

उन्हाळा संपला म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा हा महिना नाही. पहिल्या पावसाचं पाणी गावभरची घाण घेऊन विहिरीत आणि हापशीच्या ओट्याखाली जातं. मेच्या शेवटी विहिरीचा कठडा, हापशीचा ओटा आणि नालीचा उतार दुरुस्त करून घ्या. पाणी गढूळ झालं तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग क्लोरीन. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. एकाच आळीत दोन-तीन घरी जुलाब सुरू झाले की आशाताईला त्याच दिवशी कळवा, ओआरएस सुरू करा, आणि त्या आळीचा नळ बंद करून पाइपाचे जोड उघडून पाहा. हापशी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर पाणी निवळ येईपर्यंत उपसा, टीसीएलचं निवळ द्रावण आत सोडा, रात्रभर हँडल बांधून ठेवा आणि सकाळी क्लोरीनचा वास जाईपर्यंत हापसा. त्यानंतर एच-टू-एस बाटली भरा. ती काळी पडली नाही, मगच हापशी प्यायला खुली करा.